जीपचं हेड

मंडळी, मोटारी आपसात बोलत तेव्हाची ही गोष्ट. एका जुन्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, तडकलं. तसं दुसरं मिळेना, म्हणून बाबालाल मिस्त्रींनी जीपचं आणलं.

ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या धडावर, बसताना हेड म्हणालं, "दादा, माझ्या या भोकाखाली तुमच्याकडे गार करणाऱ्या पाण्याची वाटच नाही. मिस्त्रींना एक पाडू द्या, नाहीतर मी तापून वाकेन."

ब्लॉक फणकारला, "माझ्या अंगाला ड्रिल? आमच्या घराण्यात इथून पाणी कधी गेलं नाही. स्पोर्ट्स कारवर बसायला मिळालं, हे काय थोडं झालं?"

मिस्त्रींनी हेडचंच भोक बुजवलं. पहिल्याच घाटात हेड वाकलं आणि तापलेला ब्लॉकही चिरला.

आता दोघं भंगारात शेजारी पडलीत. ब्लॉक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, "हेड चांगलं होतं हो. आमच्याकडची रीत मानवली नाही त्याला."