डुबी बेडकीचं डबकं

एक होती बेडकी. नखाएवढी. नाव डुबी.

रोज सकाळी आजी तांदूळ धुवायची. पांढरं पांढरं धुवण अळवाला घालायची. भस्स्! अळवाखाली डबकं साचायचं. त्यात डुबी बसायची. डुबुक! बास. एवढंच तिचं सुख.

एक दिवस डबकं सुकलं. डुबीचं अंग तडतडलं.

डुबी म्हणाली, "अळू, अळू, सावली तरी दे."

अळू म्हणालं, "कुठून देऊ? माझीच मान पडलीय. आधी धुवण येऊ दे."

डुबी गेली आजीकडे. टुणुक टुणुक.

"आजी, आजी, तांदूळ धू ना.
डबकं भरेना,
अळू मान उचलेना,
मी कुठे बसू?"

आजीने पडल्यापडल्याच जांभई दिली. आऽऽ. "घरात थेंब नाही पाण्याचा. तुझ्या मामाला सांग. आधी तो पाणी आणू दे."

डुबी गेली मामाकडे. टुणुक टुणुक. मामा अंथरुणात लोळत मोबाइलवर बोट घासत होता. सर्र सर्र.

"मामा, मामा, पाणी आण ना.
डबकं भरेना,
अळू मान उचलेना,
आजी तांदूळ धुवेना,
मी कुठे बसू?"

मामा म्हणाला, "हंडा आजोबांच्या खाटेखाली आहे. आधी ते उठू देत." सर्र सर्र.

डुबी दमली. तरी गेली. टुणुक... टुणुक. आजोबा खाटेवर आडवे. डोळे टक्क उघडे!

"आजोबा, आजोबा, उठा ना.
डबकं भरेना,
अळू मान उचलेना,
आजी तांदूळ धुवेना,
मामा पाणी आणेना,
मी कुठे बसू?"

आजोबा म्हणाले, "कोंबडा आरवल्यावर उठायचं, ही माझी सवय आहे. आज आरवला का तो?"

"अहो, ऊन आलंय तुमच्या पोटावर!"

"उन्हाचं मला सांगू नकोस. आधी कोंबडा आरवू दे."

एवढे मोठे आजोबा. आणि हे असं.

डुबी गेली कोंबड्याकडे. टुणुक... थांबली... टुणुक.

"कोंबड्या, कोंबड्या, आरव ना.
डबकं भरेना,
अळू मान उचलेना,
आजी तांदूळ धुवेना,
मामा पाणी आणेना,
आजोबा खाट सोडेनात,
मी कुठे बसू?"

कोंबडा रुसला होता. "काल आरवलो. आजोबांनी कूस बदलली. आजी म्हणाली, गप रे मेल्या. मामाने चप्पल फेकली! आता नाही आरवणार. आधी कोणी एक तरी जागं होऊ दे."

डुबी मटकन खाली बसली.

"मी जागी आहे की. केव्हाची."

कोंबडा वाकला. "तू? एवढीशी?"

"एवढीशी. पण जागी."

कोंबड्याने मान ताणली.

कुकूच्कूऽऽ!

आजोबा उठले. खाट कर्रर्र!
मामाने हंडा घेतला. ठण्ण!
पाणी आलं. बुडबुड बुडबुड!
आजीने तांदूळ धुतले. खळखळ खळखळ!
अळवाला धुवण. भस्स्!
अळवाने मान उचलली.
डबकं भरलं.
आणि डुबी? डुबुक!

डुबीला कोणी शाबास म्हणालं नाही. मोठ्यांना वाटलं, आपण आपलेच उठलो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे आडवे. डुबीचे पाय दुखत होते. तरी ती गेली. टुणुक टुणुक.

"कोंबड्या, मी जागी आहे."

कुकूच्कूऽऽ! कर्रर्र! ठण्ण! बुडबुड! खळखळ! भस्स्! डुबुक!

त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेली. आणि त्याच्याही.

मग एक सकाळ आली. डुबी निघणार, तोच कुंपणावरून हाक आली.

"डुबे, जागी आहेस ना गं?"

डुबी अळवाखालूनच ओरडली, "आहे!"

कुकूच्कूऽऽ!

आजोबांची खाट वाजली. कर्रर्र.

डुबी तिथेच बसून राहिली. आता धुवण येणार होतं.

भस्स्!

डुबुक.