पाठीवरची पाटी

"पन्नास हजार तास चालणारा दिवा पंधरा दिवसांत कसा मरतो, अप्पा?"

मलगोंडा चौगुल्यांनी ओसरीवर टेकता टेकताच विचारलं. त्यांचा एलईडी दिव्यांचा कारखाना होता. मठाच्या पायऱ्यांसाठी त्यांनी दिलेले तीन दिवे ओळीनं गेले होते. चौथा, सगळ्यांत दांडगा, आज सकाळी त्यांनी स्वतः खांबावर चढवला होता. संध्याकाळी भजनाला बारा गावं जमणार होती, आणि "दहा वर्षं दिव्याकडं बघायला नको" असं बाराही गावांना त्यांनीच सांगून ठेवलं होतं. हाही विझला तर तोंड दाखवायची सोय नव्हती.

मठाचे रेवणअप्पा शेंगा फोडत होते.

"दिवा मरतो कशानं, ते तरी सांग मला."

चौगुले खुलले. शिकवायला मिळालं की त्यांना भूक लागत नसे. उजेड पुढून पडतो, उष्णता मागून निघते, हे त्यांनी हातवारे करून सांगितलं. मागच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांना वारा लागला की दिवा निवतो. उष्णता कोंडली की आधी मंद होतो, मग जातो.

"सगळी करामत पाठीची आहे, अप्पा."

अप्पांनी मान डोलावली आणि आतून शाली मागवल्या. देणगीदाराचा सत्कार राहून गेला होता.

वैशाखातली दुपार. पहिली शाल चौगुल्यांनी हसून घेतली. दुसरीला नको कसं म्हणणार? तिसरीला कानामागून घामाच्या धारा लागल्या. अप्पा चौथीची घडी मोडत होते.

"पुरे, अप्पा. जीव घुसमटतोय."

"मान हाय बाबा. काढू नये."

"मान खराच, पण पाठीला जरा वारा..."

चौगुले थांबले.

...

त्यांनी खांबाकडे पाहिलं. दिव्याचं तोंड पायऱ्यांकडे, पाठ रस्त्याकडे. आणि त्या पाठीवर, सगळ्या पट्ट्या झाकून, परातीएवढी पितळी पाटी. नाव, कारखाना, गाव. दर वेळी दिवा वाढला, तशी पाटीही वाढली होती. दुसरा कुणी सैल ठेवील म्हणून स्क्रू त्यांनी स्वतः आवळले होते.

आधी त्यांचे कान तापले. मग हसू फुटलं, ते आवरेना. अप्पाही हसले, मांडीवरच्या शेंगा सांडल्या तरी हसतच राहिले.

शाली उतरवून चौगुले शिडीवर चढले.

त्या संध्याकाळी आरतीपासून शेवटच्या भजनापर्यंत दिवा जराही मंदावला नाही. म्हाताऱ्या बाया कुणाचा हात न धरता पायऱ्या उतरल्या. चौगुल्यांना बघून बघून समाधान होईना. दिवा कुणाचा, हे मात्र एकानंही विचारलं नाही, आणि तेवढं त्यांना टोचलं.

पंगतीला ते पाटी काखेत धरूनच बसले.

"अप्पा, हिचं आता काय करू?"

अप्पांनी पाटी धुऊन आणायला लावली. नाव खाली करून ती चौगुल्यांपुढं मांडली आणि तिच्यावर गव्हाची घट्ट, वाफाळती खीर वाढली.

चौगुल्यांनी घाईनं बोटं घातली आणि पोळली म्हणून तोंडात धरली.

...

"पातळ पसर, बाबा," अप्पा म्हणाले. "निवंल."