ढोल न वाजवता

फार पूर्वी एका नदीकाठी एक म्हातारा मासेमार राहत असे. त्याला एका झाडाच्या सालीचं गुपित ठाऊक होतं. साल कुटून डोहात टाकली की मासे गुंगून वर येत, आणि तीच साल सात दिवस उकळली की तिचं जहर होई. डोहात साल टाकण्याआधी खालच्या गावांत ढोल वाजवायचा, तीन दिवस कोणी पाणी पिऊ नका असं सांगायचं, हा त्याच्या घराण्याचा नेम होता.

त्या राज्याचं शेजारच्या राज्याशी सहा वर्षं युद्ध चाललं होतं. भांडण कशावरून, हे दोन्ही राजांनाही धड आठवत नव्हतं. म्हाताऱ्याचा एकुलता एक मुलगा शत्रूच्या नगराला वेढा घालून बसलेल्या सैन्यात होता.

एके दिवशी राजाने म्हाताऱ्याला बोलावून जहर मागितलं. नदी पुढे त्या नगरातूनच वाहत होती. सेनापती म्हणाला, तटावर चढाई केली तर आपले दहा हजार तरी जातील, जहराने एका दिवसात निकाल लागेल. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. वृद्ध प्रधानाने सुचवलं, निदान आधी ढोल तरी वाजवा, नगर भिऊनच शरण येईल. सेनापतीला ते पटलं नाही. सांगून ठेवलं तर लोक पाणी भरून ठेवतील, असं त्याचं मत.

"त्या नगरात लेकरंही पाणी पितात, महाराज," म्हातारा म्हणाला.

"पौर्णिमेला चढाई आहे," राजा म्हणाला. "तुझा मुलगा पहिल्या शिडीवर आहे."

म्हातारा शेवटी बाप होता. त्याने सात दिवस साल उकळली आणि जन्मात पहिल्यांदा ढोल न वाजवता ते जहर नगराच्या जरा वर नदीत ओतलं. आपल्या छावणीला मात्र आधीच गुपचूप निरोप गेला होता.

दुसऱ्याच दिवशी नगर पडलं. तटावरून एकही बाण आला नाही, कारण तो सोडायला कोणी उरलं नव्हतं. राजाने गावोगाव साखर वाटली. दहा हजार घरांतली माणसं जिवंत परतली, हेही खरंच. पण सालीचं गुपित आता गुपित राहिलं नाही, आणि तसली झाडं प्रत्येक राज्याच्या रानात होती. नदीच्या वरच्या अंगाच्या राजाने त्याच महिन्यात आपली कढई चुलीवर चढवली. लोक विहिरींवर पहारे ठेवू लागले.

मुलगा घरी आला. म्हाताऱ्याने त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि गूळ-पाणी पुढे केलं. मुलगा तांब्याकडे बघत राहिला. नगरात शिरताना घाटावर घागरींशेजारी पडलेली मुलं त्याने पाहिली होती, आणि जहर कोणी उकळलं तेही त्याला कळलं होतं.

"आबा," तो हळूच म्हणाला, "आधी तुम्ही प्या."

म्हातारा प्यायला. तरीही मुलाने तांब्याला हात लावला नाही.

तात्पर्य: युद्ध संपवायला काढलेलं जहर युद्धाबरोबर संपत नाही.