रंग उडालेली कोलंबी

येसूची आये दमली होती. तुम्ही खेळून येता आणि दमलो दमलो म्हणता, तसं नव्हे. रोज उजाडायच्या आधी पाटी घेऊन ती बंदरावर जायची, मासळी घ्यायची आणि दारोदार फिरून विकायची. बाबा दूरच्या बोटीवर कामाला, ते गणपतीला येणार. त्यात आयेला ताप भरला. ताप अंगात घेऊन ती पाटीला जातच राहिली. चालता चालता डुलकी लागायची बिचारीला.

त्या दिवशी शेजारची भागीकाकी दारातून म्हणाली, "वहिनी, उद्या घरी राहा. विकायला काही असलं तर माझ्या पाटीतून नेते मी. पण रिकाम्या पाटीचं मी तरी काय करू?"

"जाईन गं मी," आये म्हणाली, आणि बसल्या जागी तिचे डोळे मिटले.

येसू हे ऐकत होती. आयेला एक सकाळ झोपू द्यायचं, ऊन अंगणात येईपर्यंत. तिनं मनाशी एवढंच धरलं. खुंटीवरची बाबांची मासे धरायची तंगुसाची दोरी काढली, टोपली घेतली आणि खडकाकडे निघाली. दिवस कलला की तिथे माकूल येतात, एवढं तिनं ऐकलं होतं. माकूल ठाऊक आहे ना? मऊ अंगाचा, तोंडाभोवती दहा हातांचा, बशीएवढ्या डोळ्यांचा. चिडला की शाई उडवतो आणि मागच्या मागे पळतो. तो धरायचा कसा, दोरीला लावायचं काय, हे मात्र पोरीला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. निघाली आपली.

खडकाच्या अलीकडे केवड्याचं बन होतं. हिरवीगार काटेरी पानं, त्यांत लपलेली पिवळी पिवळी कणसं, आणि वासानं सगळी वाट भरलेली. त्या पानांआड काहीतरी लुकलुकलं. येसूनं पानं अलगद बाजूला केली, तर आत इवलीशी परी.

आता परी म्हटलं की तुम्ही पांढरा झगा आणि चांदीची कांडी धरून बसता. ही तशी नव्हती. हिचे पंख कोलंबीच्या सालीसारखे, गुलाबी आणि कडेला निळसर. अंगावर मोरपंखी परकर, केसांत वाळूचे चमचमते कण. पण डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आणि बोटं टोचून टोचून लाल झालेली. मांडीवर एक पिटुकली लाकडी कोलंबी घेऊन ती तिच्या शेपटीला टाचण्यांचा मुकुट बसवत होती. बंदरावर त्या खोट्या कोलंबीला जिग म्हणतात. माकूल खरी कोलंबी समजून तिला मिठी मारतो आणि टाचण्यांत अडकतो.

"ये बाय," परी जांभई देत म्हणाली. "तीन इच्छा मिळतील. पण नियम ऐकून घे, पुन्हा सांगायचं त्राण नाही माझ्यात. मासा मागायचा नाही, समुद्र माझा नाही. आजार बरा कर म्हणायचं नाही, ते मला येत नाही. माझ्या या दोन हातांनी होईल तेच मागायचं."

"मग मला अशी कोलंबी दे," येसू म्हणाली. "यांतली कुठली घेऊ?"

परीसमोर शिंपल्यांत जिगच जिग मांडली होती. लांब, बुटकी, जाडी, बारीक. सगळी कोऱ्या लाकडाची.

"ते तू ठरवायचंस. मी करून देते, निवडून देत नाही. आणि रंग तुझ्याच वस्तूतून येईल. तिसरी इच्छा संपली की रंग आपापल्या घरी परत जातील."

येसूनं सगळ्यांत मोठी, सगळ्यांत जड उचलली. मोठ्या जिगला मोठा माकूल, असा तिचा हिशेब. नवशिके सगळे असंच करतात, हसू नका. परीनं येसूच्या काकणांना बोट लावलं. काकणांतला लालभडक रंग झर्रकन उतरला आणि कोलंबीवर चढला. काकणं राहिली पाण्यासारखी फिकी.

खडकावरून येसूनं दोरी सोडली. पाणी तिथे गुडघ्याच्या जरा वर. जड कोलंबी धपकन तळाला गेली आणि कपारीत रुतली. येसूनं इकडून ओढली, तिकडून ओढली, दोरीनं बोटं चिरली. शेवटी दोरी तुटली आणि कोलंबी तिथेच राहिली.

ती परत आली तेव्हा परी एका हातानं डोकं धरून बसली होती. ती रागावली नाही. रागवायलाही अंगात जोर लागतो.

"जड घेतली मी," येसू म्हणाली. "पाणी उथळ होतं. हळूहळू बुडणारी हवी होती."

"हं," परी म्हणाली.

या वेळी येसूनं छोटुकली, हलकी उचलली. तेवढं शहाणपण आलं होतं. पण रंगाची वेळ आली आणि पोरीला मोह पडला. केसांत बाबांनी आणलेली सोनेरी रिबीन होती. परीनं रिबिनीला बोट लावलं, आणि कोलंबी अशी सोन्यासारखी झळाळली की बनातली पानंसुद्धा पिवळी दिसू लागली.

आता हलकी कोलंबी तरंगत तरंगत, गिरक्या घेत खाली गेली. आणि माकूल आले हो! काचेसारखे, पोटाशी गुलाबी ठिपके मिरवत. जवळ आले, मोठ्या मोठ्या डोळ्यांनी बघत राहिले, आणि मागच्या मागे निघून गेले. पुन्हा आले, पुन्हा बघितलं, पुन्हा गेले. येसू वाकून बघू लागली. पाणी इतकं नितळ होतं की तळचं शेवाळ मोजावं. त्या शेवाळात खऱ्या कोलंब्या हिंडत होत्या. सगळ्या मळकट, मातकट. एकही सोनेरी नव्हती.

सूर्य पाण्याला टेकायला आला होता. येसू पळत बनात गेली. आता तिला पक्कं कळलं होतं काय मागायचं ते.

परी बसल्या जागी पेंगत होती. एका हातात सुई, दुसऱ्या हातात अर्धवट कोलंबी. मान खाली जायची, टाचणी बोटाला टोचायची, परी दचकून पुन्हा कामाला लागायची. थेट आयेसारखी.

"तू झोपत का नाहीस?" येसूनं विचारलं.

"कुणी मागितल्याशिवाय आम्हां पऱ्यांना स्वतःसाठी काही करता येत नाही. झोपसुद्धा घेता येत नाही." परी जरा हसली. "आणि आमच्याकडे येतं ते स्वतःसाठी मागायला येतं. त्यांचा दोष नाही, त्यांनाही गरज असते. सांग, कुठली करू?"

येसूनं बोटं मोजली. एक इच्छा उरली होती. ती गेली की आयेची सकाळही गेली. तिला रडू आलं. पण परीची मान पुन्हा खाली गेली, टाचणी पुन्हा टोचली, आणि येसूला ते बघवेना.

"तू झोप," ती म्हणाली. "हीच माझी इच्छा."

 परीनं सुई खाली ठेवली. केवड्याच्या पानावर आडवी झाली, पंख पांघरले आणि डोळे मिटले. तिच्या अंगातून मऊ, केशरी उजेड पाझरू लागला. तो गुलाबी झाला, मग जांभळा, आणि मावळत्या उन्हात मिसळून गेला. पानावर कुणीच नव्हतं. केवड्याचा वास मात्र दुप्पट झाला होता.

येसू डोळे पुसत दोरी गुंडाळायला गेली. काकणं किणकिणली. बघते तर लालभडक! रिबीनही सोनेरी झाली होती. आणि दोरीच्या टोकाची कोलंबी? रंग उडालेली, मळकट, मातकट. छोटी, हलकी, नुसत्या लाकडाची. थेट शेवाळातल्यांसारखी.

येसूनं ती अलगद पाण्यात सोडली. ती हळूहळू उतरली. दोरीला झटका बसला नाही, ती फक्त जड झाली, भिजलेल्या लुगड्यासारखी. येसूनं घाई केली नाही. न थांबता, न हिसकता ओढत राहिली, आणि माकूल वर आला तो पिचकारी मारूनच. तोंड सगळं शाईनं काळं! पोरगी पहिल्यांदा हसली. अंधार पडायच्या आत टोपली काठोकाठ भरली.

सकाळी, उजाडायच्या आधी, भागीकाकी दाराशी आली. आये दचकून उठायच्या आत येसू बाहेर गेली. टोपली काकीच्या पाटीत रिकामी केली आणि दार हळूच ओढून घेतलं.

"आणि वहिनी?" काकीनं विचारलं.

"हळू बोल गं काकी," येसू म्हणाली. "आये झोपलीय."

मग ती उंबऱ्यावर बसून राहिली. ऊन अंगणात आलं, पायरी चढलं, दाराच्या फटीतून आयेच्या पावलांपर्यंत पोचलं, तरी आतून आयेच्या झोपेतल्या संथ श्वासाखेरीज कसलाच आवाज आला नाही.