मुकी हलगी

फार मागची गोष्ट, कोटबाग शहराच्या चारी वेशी शाबूत होत्या तेव्हाची. शहरात सुभाना नावाचा दवंडीवाला होता. हलगी वाजवायची, "ऐका हो ऐका" म्हणायचं आणि वरचा हुकूम गल्लोगल्ली सांगायचा, हे त्याचं काम. त्याचा आवाज असा, की पाखरंसुद्धा ऐकायला झाडावरून खाली उतरायची, असं म्हणतात. आणि तिथला रिवाजच होता, सगळ्या पेठांतून दवंडी फिरेपर्यंत कुठलाही हुकूम लागू होत नसे.

एका उन्हाळ्यात किल्लेदाराच्या मनात आलं, आपल्या बागेतली कारंजी उडाली पाहिजेत. त्यासाठी शहराचा मोठा हौद बंद करायचा. जो पाणी भरेल त्याचा हात तोडायचा. सुभानाला बोलावून हुकूम सांगितला. घरी त्याची लेक बाळंतपणाला आलेली. दवंडी द्यावी तर तिचंच पाणी तुटायचं, न द्यावी तर आपली मान जायची. बिचारा पुरता कात्रीत सापडला.

पहिल्या वेशीत त्याने हलगी वाजवली, तोंड उघडलं, आणि वर कमानीकडे नजर गेली. याच कमानीखाली त्याच्या आज्याने बादशहाच्या नावाची दवंडी दिली होती, बापाने नव्या राजाच्या नावाची. राज्यं आली, बुडाली, कमानीवरची नावं छिन्नीने खरवडून निघाली. पण हौद कुणीच बंद केला नव्हता. तो आपल्या तोंडून बंद व्हावा? सुभानाला मनोमन लाज वाटली. काही न बोलता तो हलगी वाजवत पुढे निघाला.

आता गंमत बघा. हलगी वाजते आणि दवंडीवाला गप्प, असं कुणी कधी पाहिलं होतं? कोष्टी माग सोडून उठले. तांबटांनी ठोके थांबवले. बायका पोरं कडेवर घेऊन बाहेर आल्या.

"अहो सुभानबा, झालंय तरी काय?"

सुभाना आपला हलगी वाजवत पुढेच. मग घरी कोण परत जातंय? जो तो मागे चालू लागला. अंथरुणाला खिळलेले म्हातारेसुद्धा त्या दिवशी उठून चालले, असं म्हणतात. पेठा ओस पडल्या.

हौदापाशी किल्लेदार शिपाई घेऊन उभा होता. "हुकूम सांगितलास?"

"नाही, सरकार."

"मग एवढी माणसं कशाला आलीत?"

"तेच विचारायला आलीत, सरकार. आज आपणच सांगा."

सगळं शहर किल्लेदाराच्या तोंडाकडे बघत राहिलं. त्याने तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. सूर्य माथ्यावरून हललाच नाही, असं म्हणतात. घशाला अशी कोरड पडली, की शेवटी त्याने खुणेनेच पाणी मागितलं. एका कासाराच्या म्हातारीने हौदात तांब्या बुडवून त्याच्या हातात दिला. तो सगळ्यांदेखत घटाघटा प्यायला आणि खाली मान घालून निघून गेला. हौद उघडा राहिला.

पण दुसऱ्या दिवशी शिपायांनी सुभानाला किल्ल्यात नेलं. लोक तेव्हा हौदावर पाणी भरण्यात गुंतले होते. त्याच्यामागे कुणी गेलं नाही, आणि तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

अजूनही चैत्रात एक दिवस कोटबागेत मुकी हलगी फिरते. ऐकू आली की हातातलं काम टाकून सगळ्यांनी मागे जायचं. ती हौदाशी थांबत नाही, थेट किल्ल्याच्या दारापर्यंत जाते. तिथे सगळं शहर एका आवाजात हाक मारतं, "सुभानबा, बाहेर या." मग सगळे गप्प उभे राहतात, आणि लहान पोरं खरोखरच दाराकडे बघत बसतात.