तापलेली थोरली

भांड्यांना तोंड होतं त्या काळी एका मुदपाकखान्यात चार चुली एकमेकींना खेटून नांदत होत्या, नात्याने जावा. कोणतं पातेलं कोणावर चढवायचं ते सांडशी ठरवी. थोरली आधीच तापलेली, म्हणून सगळं तिच्याच डोक्यावर. बाकीच्या तिघी गार राखेत गप्पा मारत.

एकदा व्याह्यांची पंगत बसली, तरी भात अजून आमटीमागे रांगेतच. व्याही पानातलं मीठ चाटू लागले.

"सांडशीबाई, या तिघी काय नुसत्या हळदीकुंकवाला आल्यात?" थोरली फुरफुरली.

"त्यांना तापायला वेळ लागतो गं."

"पेटवलंत तर तापू ना!" धाकटी म्हणाली.

ओशाळून सांडशीने तिघींत निखारे घातले. भात, आमटी, भाजी एकदमच शिजली आणि व्याही निवले.

सांडशीला मग जोरच चढला. "खिरीचं पातेलं चौघींत वाटते, चौपट लवकर होईल!" म्हणत तिने ते चौघींच्या बरोब्बर मधोमध ठेवलं. तिथे जाळच नव्हता. दूध गारच राहिलं आणि व्याह्यांचा हात पुन्हा मिठाकडे गेला.

थोरलीने सुस्कारा सोडला. "एक पातेलं एकीवरच चढतं, बाई. आणा इकडे. मी तापलेलीच आहे."