पाणपोईचे दहा रांजण

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. दारी आलेल्या वाटसरूला आधी पाणी द्यायचं आणि मग गाव विचारायचं, अशी रीत होती, ते दिवस. घाटाच्या पायथ्याशी एका गावात शिदू नावाचा एक कुंभार राहायचा. त्याच्या हातच्या रांजणातलं पाणी भर वैशाखातही गार असायचं.

शिदूची एकच अडचण होती. चाकावर बसला की तो तल्लीन व्हायचा, पण एका कामातून उठून दुसऱ्यात शिरणं त्याला फार जड जायचं. आधी काय, मग काय, कशाला किती वेळ, हे सगळं त्याच्या डोक्यात एकदमच गर्दी करायचं. आणि ठरलेलं अचानक बदललं, तर हातपायच थबकायचे. आज अशा मनाच्या ठेवणीला स्वमग्नता म्हणतात. तेव्हा गाव नुसतं म्हणायचं, "शिदू जरा वेगळाच आहे."

आई होती तोवर हे कुणाला फारसं जाणवलं नाही. ती ओसरीवर धान्य निवडत बसायची आणि मान वर न करता सांगायची, "शिदू, एवढं मडकं होऊ दे. मग थापटायला घ्यायचंय." थोड्या वेळानं पुन्हा, "झालं का रे? आता थापटणं." उन्हं कलली की, "हात धू, भाकरी वाढते." शिदूला वाटायचं, सगळ्यांचेच दिवस असे आपोआप पुढं सरकतात.

माघ महिन्यात आई गेली. ओसरी मुकी झाली.

पंधरा दिवसांनी गावचे पाटील आले. "शिदू, पाडव्याला घाटात पाणपोई सुरू करायची आहे. वरच्या झऱ्याला यंदा पाणी नाही. दहा रांजण होतील का?"

"होतील," शिदू म्हणाला. रांजण घडवणं त्याला अवघड नव्हतंच.

त्यानं कोळसा घेतला आणि भिंतीवर पाडव्यापर्यंतचा सगळा बेत लिहून काढला. माती भिजवणं, तुडवणं, चाक, थापटणं, वाळवणं, भट्टी. रोजची सात-आठ कामं. दोन दिवस बेत छान चालला. तिसऱ्या दिवशी कुणीतरी मडक्याचं झाकण मागायला आलं आणि तासभर गप्पा मारत बसलं. ते गेल्यावर शिदू भिंतीपुढं उभा राहिला. आता तुडवण्याची वेळ निघून गेली. मग चाक कधी? चाक लांबलं तर थापटणं कधी? तो नुसता भिंतीकडं बघत राहिला. अंगणात पाच ओले रांजण थापटण्याची वाट बघत होते. ऊन चढलं, माती कडक झाली आणि पाचही रांजणांना तडे गेले.

जाणारे-येणारे म्हणाले, "आई गेली आणि हा आळशी झाला." आळस कसा असतो हे शिदूला ठाऊक होतं. हे तसं नव्हतं. काम करायची इतकी इच्छा असून हात उचलत नव्हता, याचीच त्याला भीती वाटत होती.

मग त्याच्या मनात आलं, तडे ओल्या मातीनं बुजवावेत, वरून गेरू फासावा, भट्टीत घालावेत. पाडव्यापर्यंत कुणाला कळणार नाही. त्यानं गेरू कालवलाही. पण लगेच डोळ्यांपुढं आला तो घाट चढून दमलेला माणूस. तो रांजणात हात घालतो आहे आणि तळाशी थेंबही नाही.

शिदूनं हात पुसले आणि तसाच पाटलांच्या दारी गेला. शेजारची बनूमावशी तेलीण तेलाचं भांडं घेऊन तिथंच आली होती.

"पाटील, पाच रांजण गेले. मला घडवता येतं, पण कुठलं काम कधी, ते माझ्या डोक्यात ओळीनं उभं राहत नाही. कुणीतरी सांगायला लागतं. आई सांगायची." एवढं बोलून तो खाली बघत राहिला.

पाटील म्हणाले, "पस्तिशीच्या माणसाला उठ-बस कुणी सांगायची?"

"मी सांगेन," बनूमावशी म्हणाली. "याची आई मला सांगून गेली होती. याला अख्खा दिवस एकदम देऊ नका, म्हणाली. एकेक काम द्या. आणि काही बदलायचं असेल तर आधी कानावर घाला."

शिदूनं चमकून वर पाहिलं. आईला सगळं ठाऊक होतं आणि तिनं त्याला कधी उणं वाटू दिलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी त्यानं भिंत पुसली आणि फक्त दोन कामं लिहिली. तिसरी जागा मोकळी ठेवली, कुणी मध्येच आलं तर त्यासाठी. तडकलेली माती पुन्हा भिजवली. कुंपणापलीकडून बनूमावशी घाण्याच्या बैलाला हाकता हाकता हाक द्यायची, "शिदू, चार फेऱ्या झाल्या की थापटणं हं!" मग चार फेऱ्यांनी पुन्हा.

पाडव्याला दहा रांजण काही झाले नाहीत. सहाच झाले. पण त्यांतून थेंबभरही गळलं नाही. उरलेले चार हनुमान जयंतीपर्यंत पोचले. घाट चढून आलेली माणसं पाणी प्यायची, तोंडावर मारायची आणि विचारायची, "कुणाच्या हातचे हो?"

पुढं आषाढात बनूमावशी लेकीच्या बाळंतपणाला गेली. शिदूचं काम पुन्हा अडलं. या वेळी तो भिंतीपुढं ताटकळला नाही. सरळ पाटलांकडं जाऊन म्हणाला, "महिनाभर मला सांगणारं कुणीतरी हवंय."

दुसऱ्या दिवशी डोक्याला पागोटं बांधून खुद्द पाटील ओसरीवर येऊन बसले. फिरतं चाक बघत बसले आणि एकदम गरजले, "शिदू, चाक थांबव!"

शिदू दचकला. मग शांतपणे म्हणाला, "पाटील, आधी सांगायचं असतं."

"चुकलं रे बाबा," पाटील हसून म्हणाले. "सांग, कसं सांगू?"

तात्पर्य एवढंच: आपली अडचण खरी सांगायला धीर लागतो, आणि ती ऐकून 'कसं सांगू?' असं विचारायला मोठं मन लागतं.